जित्या माणसाची रांगोळी

माझ्या हातून आजवर वर्दीतली जितकी माणसं रांगोळीत उतरली, ती सगळी मेलेली होती. वाचायला कसंतरी वाटेल, पण आमच्याकडं ते काम होतं आणि कुणीतरी ते करायला लागायचंच. आमचा भाग साताऱ्याकडचा, घरटी एक माणूस फौजेत. कुणी कामी आला की पार्थिव यायच्या आधी सगळं गाव रस्त्यावर उतरायचं. झाडलोट व्हायची, बायका रस्त्याच्या दोन्ही कडांनी रांगोळी घालायच्या, आणि शाळेच्या पटांगणात, तिरंग्यातली पेटी जिथं ठेवायची त्याच्यासमोर, त्या जवानाचा चेहरा काढलेला असायचा. फोटोसारखा. मिशीचा केस न् केस. ते काम आमच्या पेंटरांचं. नववीत गणित आणि इंग्रजी या दोघांनी मिळून मला शाळेबाहेर काढलं, तेव्हापासून माझंही.

पेंटरांना नाव होतं, पण त्यांना कुणी नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची कमळं, निवडणुकीच्या भिंती, सगळं मी त्यांच्या हाताखाली शिकलो. बोलायचे कमी. एक गोष्ट मात्र त्यांनी अगदी सुरुवातीलाच सांगून ठेवली होती. "जित्या माणसाला वर्दीत काढायचं असलं तर भिंतीवर काढ, कागदावर काढ. रांगोळीत काढायचं नाही." का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. ज्या पटांगणात आम्ही गुडघे टेकून बसायचो, तिथं ते विचारायची गरजच नव्हती.

माझा धाकटा भाऊ फौजेत आहे.

मी ऑकलंडला आलो तो बायकोच्या व्हिसावर. ती नर्स, शिकलेली, पुण्यात वाढलेली. गावातले लोक म्हणाले, "आता नवराच निघाला सासरी!" मला त्यात कमीपणा वाटला नाही. शाळा सोडलेल्या पेंटरला समुद्रापलीकडं कोण नेतं? तिनं नेलं. माउंट रॉस्किलमध्ये भाड्याच्या घरात आम्ही राहतो, आणि मी लोकांच्या घरांना रंग देतो. मुळात मी भित्रा माणूस आहे. शिडी तीनदा हलवून बघितल्याशिवाय पाय ठेवत नाही. इंग्रजीतलं पत्र पेटीत दिसलं की बायको येईपर्यंत उघडत नाही, मग ते पिझ्झाच्या जाहिरातीचं का असेना. बायको हसते. म्हणते, "अहो, एवढं घाबरायला तुमच्याकडे वेळ कुठून येतो?"

आमच्या वस्तीत एक हॉल आहे. तिथले कलेचे कार्यक्रम बघणारी बाई साठीची, गोरी, पायात बारा महिने जँडल्स, म्हणजे रबरी चपला. दिवाळीला मी त्या हॉलमध्ये मोर काढला होता, तेव्हा ही बाई बघायला म्हणून खाली बसली ती उठेचना. एप्रिलच्या सुरुवातीला तिनं मला डेअरीसमोर गाठलं. माझ्या हातात दुधाची बाटली होती. महिन्याच्या अखेरीला इथं अँझॅक डे असतो, लढाईत गेलेल्या सैनिकांच्या आठवणीचा. लोक छातीला लाल पॉपीचं फूल लावतात. तर त्या सुमारास तिला हॉलमध्ये एक प्रदर्शन मांडायचं होतं. वस्तीतल्या लोकांनी, आपापल्या हाताला येतं त्या कलेत, लढाईबद्दल काहीतरी करायचं. मोठे चित्रकार नकोत, शेजारीपाजारीच हवेत.

मी म्हणालो, "माय ब्रदर, आर्मी."

तिचे डोळे चमकले. म्हणाली, "मग आम्हाला एक सोल्जर काढून दे. त्या पावडरीत."

मी "येस" म्हणालो. मी इथं सगळ्याला येसच म्हणतो. ज्या देशानं आपल्याला ठेवून घेतलं, त्याला नाही कसं म्हणायचं? पण घरी येईपर्यंत ते दूध मला धोंड्यासारखं जड झालं होतं. पेंटरांचं वाक्य आठवलं. मग मी मनाशी वाट काढली. सैनिक काढायचा, पण कुणाचाच नाही असा चेहरा काढायचा. फोटो समोर ठेवायचा नाही. वर्दी, टोपी, दोन डोळे, एक नाक. असा माणूस जगात नाहीच म्हटल्यावर त्याचं वाईट तरी काय होणार?

प्रदर्शनाच्या आठवड्यातच तिकडं सरहद्दीवर गोळीबार सुरू झाला.

धाकट्याचं पोस्टिंग वर होतं. वर म्हणजे नक्की कुठं, हे त्यानं कधी सांगितलं नाही, आणि आम्ही कधी विचारत नाही. आधी त्याचा फोन लागेनासा झाला. ते नेहमीचं आहे, रेंज नसते. मग गावाहून धाकट्याच्या बायकोचा फोन आला. "भाऊजी, तुमच्याकडं काय बातमी आली का?" माझ्याकडं! मी जगाच्या टोकाला, शिडीवर, हातात रोलर. तिला वाटलं असेल, परदेशात आधी कळतं. मी म्हणालो, "काही नाही गं, रेंज नसेल." ती म्हणाली, "हो, रेंजच नसेल." दोघंही एकमेकांना खोटं बोललो आणि फोन ठेवला.

मग मी फोनवर बातम्या बघायला लागलो. आपल्याकडची चॅनेलं तुम्हाला माहीत आहेत. पडद्यावर रणगाडे धावतात, तेही खरे नाहीत, कॉम्प्युटरवर काढलेले. लाल बाण इकडून तिकडं जातात, मागं ढोल वाजतो, सूट घातलेला माणूस ओरडतो. प्रत्येक स्फोटाला वेगळा आवाज दिलेला. मीही चित्रं काढून जगलेला माणूस आहे, मला कळतं की हे कुणीतरी बसून रंगवलंय, ज्वाळेला केशरी किती घालायचा ते ठरवलंय. कळत होतं तरी बघत राहायचो. आणि त्या सगळ्या चित्रांत माणूस एकही नव्हता. बाण होते, नकाशे होते, आगी होत्या. माझा भाऊ कुठल्या बाणाखाली असेल ते शोधत मी जेवायचा विसरायचो.

बायकोनं एकदा माझ्या हातातून फोन काढून घेतला. "दर पाच मिनिटांनी बघितलं म्हणून थांबणारे का ते? उद्या हॉलमध्ये जा. हात कामात राहू देत."

मी गेलो. प्लायवूडचे दोन मोठे तुकडे जोडून मी आधीच त्यांना करडा रंग देऊन ठेवला होता. पांढरी रांगोळी देशी दुकानात मिळाली होती, दिवाळीची उरलेली. खाकी रंग घरूनच कालवून नेला, पिवळ्यात काळा आणि चिमूटभर लाल. हॉल गरम ठेवणारा हीट पंप बंद करायला लावला, नाहीतर त्या वाऱ्यानं सगळं उडालं असतं. थंडी होती. विटांवर आडवी फळी टाकून मी तिच्यावर पालथा झोपलो आणि वरून खाली यायला सुरुवात केली. रांगोळीतलं व्यक्तिचित्र असंच काढतात, म्हणजे काढलेल्यावर हात पडत नाही. आधी गाळणीनं मागची सावली, मग टोपी, मग कपाळ. चिमटीतून रंग सुटायला लागला आणि कितीतरी दिवसांनी माझा श्वास जागेवर आला.

मग कान काढला आणि थांबलो.

धाकट्याचे कान बाहेर आलेले आहेत. लहानपणी आम्ही त्याला चिडवायचो, "वाऱ्याच्या दिवशी याला घरात ठेवा, उडून जाईल." तो कान इथं होता. मी म्हटलं असू दे, असे कान पुष्कळांचे असतात. डोळे काढले. ते त्याचेच झाले. घाबरून नाक बदललं, जरा मोठं केलं, तर वडील झाले. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, ते वर्दीत माझ्याकडं बघत होते. घाईघाईनं ते नाक पुसलं आणि हाताला येईल तसं काढलं. हाताला आलं ते धाकट्याचंच नाक. कुणाचाच नाही असा चेहरा माझ्या हाताला ठाऊकच नव्हता. समोर फोटो नसला की हात पाठ असलेल्याकडं जातो, आणि मला पाठ असलेला चेहरा एकच.

हनुवटीपर्यंत आलो. पुसून टाकावा म्हटलं. रांगोळी खरवडायचा पुठ्ठा हातात घेतला. आणि भावाच्या चेहऱ्यावर तो ठेवता येईना. पुसला तर पुसला जाईल. ठेवला तर मेलेल्यांच्या रांगेत बसेल. फळीवर तसाच पडून राहिलो, पुठ्ठा हातात धरून.

"यह कौन है, बेटा?"

फळीच्या त्या बाजूला एक अफगाण म्हातारी उभी होती. तिचंही काम प्रदर्शनात होतं, एक मोठं भरतकाम, ते भिंतीला लावायला ती आली होती. पाकिस्तानातल्या छावणीत तिची बरीच वर्षं गेली, त्यामुळं तिच्या उर्दूशी माझं हिंदी जुळायचं. सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे, मीही.

"कोई नहीं, खाला."

"कोई नहीं का चेहरा ऐसा नहीं होता," ती म्हणाली, आणि आपलं कापड उलगडायला लागली.

ते कापड मी याआधी लांबून बघितलं होतं. डाळिंबं, वेली, पानं, आणि मधेमधे चतुर उडताहेत असं वाटायचं. जवळून बघितलं तर ती हेलिकॉप्टरं होती. वेलीच्या खालून रणगाडे चालले होते, बारीक, नीटनेटके, हिरव्या रेशमाचे, मुंग्यांसारखे ओळीनं. मी विचारलं, "खाला, फुलांत हे कशाला?"

"जो आसमान में था वही काढा. परिंदे तो रहे नहीं थे."

मग मला राहवलं नाही. अर्धं हिंदी, अर्धं मराठी, जसं येईल तसं तिला सगळं सांगितलं. पेंटर, पटांगण, भाऊ, बंद फोन. आणि विचारलं की असं काढल्यानं खरंच काही होतं का.

ती रागावली. खरोखर रागावली. टाचण्यांची डबी टेबलावर आपटली. "मैंने कितने हेलिकॉप्टर काढे? गिन. एक भी गिरा क्या? मेरी सुई में इतना दम होता तो मैं यहाँ इस ठंड में बैठी होती?" मग माझ्या तोंडाकडं बघून तिचा आवाज खाली आला. "तेरे हाथ में कुछ नहीं है, बेटा. यही तो रोना है."

मला धीर यावा म्हणून तिनं ते सांगितलं होतं. थोडा आलाही. पण घरी जाताना बसमध्ये तेच वाक्य उलटं होऊन अंगावर आलं. हातात काहीच नाही. म्हणजे पुसूनही उपयोग नाही आणि ठेवूनही नाही. यापेक्षा पेंटरांचा नियम बरा. नियम मोडला म्हणून भीती वाटते, तर नियम पाळून वाचवता तरी येतं असं वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन राहिलेली वर्दी पूर्ण केली. चेहरा तसाच ठेवला. अर्धवट सोडायची हिंमत नव्हती; धड नसलेला भाऊ मला बघवला नसता.

उद्घाटनाला गर्दी झाली. कुणीतरी काड्यापेटीच्या काड्यांचा खंदक केला होता, शाळेतल्या पोरांनी कागदी पॉपीची फुलं. माझ्याभोवती लोक "ब्यूटिफुल, ब्यूटिफुल" करत होते, आणि मी एका हातानं खिशातला फोन दाबून धरला होता. बायको ड्यूटीवरून थेट आलेली, नर्सच्या कपड्यांत. चित्र तिनं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. माझ्या दंडाला धरून उभी राहिली, आणि तिची बोटं रुतली तेव्हा मला कळलं, तिलाही ओळखू आलंय.

त्यानंतर पोरांची रांग आली. शिक्षिकेनं सांगितलेलं असणार. एकेक पोर येऊन आपलं लाल फूल माझ्या प्लायवूडच्या कडेला ठेवायला लागलं. एक, दोन, दहा. बघता बघता चित्राभोवती लाल हार झाला. कोटावर पदकं लावलेला एक म्हातारा समोर येऊन ताठ उभा राहिला. टोपी काढून त्यानं मान खाली घातली.

ते सगळे चांगलंच करत होते. इथं ती रीत आहे, मानाची रीत. पण चेहरा, त्याला हार, त्याच्यासमोर मान खाली घातलेला माणूस, हे आपल्याकडं कशाचं चित्र आहे ते काय सांगायचं? माझ्या कानात शाळेच्या पटांगणातल्या घोषणा सुरू झाल्या. मी खाली बसलो आणि फुलं उचलायला लागलो. दोन्ही हातांनी. पोरं मागं सरकली. एक लहान मुलगी रडवेली झाली, तिला वाटलं तिचं काहीतरी चुकलं.

जँडल्सवाली बाई धावत आली. "काय झालं? काही प्रॉब्लेम आहे का?"

मला इंग्रजी सुचेना. येतं तेवढंही सुचेना. मी एवढंच म्हणालो, "ही इज अलाइव्ह. माय ब्रदर. अलाइव्ह."

तिनं चित्राकडं बघितलं, फुलांकडं बघितलं, आणि तिच्या चेहऱ्याचा रंग गेला. "ओह," म्हणाली. आणि ती साठीची बाई सगळ्यांसमोर माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसली आणि माझ्याबरोबर फुलं उचलायला लागली. एकेक, चित्राला धक्का न लावता. पदकंवाल्या म्हाताऱ्यानंही कुरकुरत्या गुडघ्यांनी वाकून दोन उचलली. मी आयुष्यात कुणाकुणाचे उपकार घेतलेत, पण ते गुडघे मी विसरणार नाही.

नंतर ती म्हणाली, आपण शेजारी पाटी लावू या का, "हा माणूस जिवंत आहे" अशी? मी जवळजवळ ओरडलोच, "नो, नो!" असलं उघड लिहून कुणी ठेवतं का? दृष्ट लागायला वेळ लागतो का? हे तिला समजावणं माझ्या इंग्रजीच्या पलीकडचं होतं. बायकोनं काहीतरी सांगून निभावलं. सगळे पांगल्यावर मी चिमटीत काळा रंग घेतला आणि धाकट्याच्या गालावर एक तीट लावली. तान्ह्या पोराला लावतात तशी. लोकांना तो तीळ वाटला.

घरी परतताना गाडीत मी बायकोला म्हणालो, "माझ्यामुळं त्याला काही झालं तर?"

तिनं गाडी कडेला घेतली. "तुमचा भाऊ मरायला तुमच्या रांगोळीची वाट बघत बसलेला नाहीये," ती म्हणाली. फार कडक आवाजात. आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागली. एवढे दिवस तीही रेंजच नसेल, रेंजच नसेल म्हणत होती.

पुढचे दिवस मी कसे काढले ते नीट सांगता येणार नाही. कामावर जायचो. एका घराचं कुंपण चुकीच्या रंगानं रंगवलं, मालकानं हसून सोडून दिलं. दुपारी कामावरून सुटलो की हॉलमध्ये जाऊन बसायचो. रांगोळी जागेवर आहे ना, कुणी शिंकलं तर नाही, कोपरा उडाला तर नाही. उडालेला दिसला की तेवढा भरायचो. खाला आपल्या कापडाखाली खुर्ची टाकून बसलेली असायची. "आया?" ती विचारायची. म्हणजे फोन. मी नाही म्हणून मान हलवायचो. ती डबीतून बदाम काढून द्यायची. कधीकधी वाटायचं, तिच्या त्या हिरव्या रणगाड्यांखाली बसून बदाम खाणं एवढंच मला जमण्यासारखं आहे.

प्रदर्शन संपायच्या आदल्या दुपारी फोन वाजला. अनोळखी नंबर. मी तो वाजू दिला. खाला म्हणाली, "फोन उठा!" मी उचलला.

"दादा."

मी फोन दोन्ही हातांनी कानाला दाबून धरला.

"अरे दादा, बोल की. दुसऱ्याचा फोन हाय, संपंल."

"जेवलास का?" मी विचारलं. एवढ्या दिवसांची भीती आणि तोंडातून निघालं हे.

तो हसला. मग व्हिडिओ लावला. तोंड काळवंडलेलं, दाढी वाढलेली, कान तेच. मागं ताडपत्री होती, आणखी काही दिसत नव्हतं. घरी बोललास का, विचारलं. बोललो, म्हणाला. कसा आहेस, विचारलं. बरा आहे, म्हणाला. मग मला लपवता आलं नाही. फोन खाली धरून त्याला रांगोळी दाखवली.

तिकडची ताडपत्री फडफडलेली ऐकू आली.

"मला कशाला मारलास रं?" तो म्हणाला.

"हातानं काढला गेला. फोटो नव्हता समोर. खरंच सांगतो."

"गालावर काय हाय त्ये?"

"तीट."

मग म्हणाला, "नाक चांगलं काढलंयस. माझं एवढं सरळ नाही." त्याचा आवाज हसण्यासारखाच होता, पण खाली उतरत गेला. "दादा, आमच्यातला एकजण गेला. माझ्या शेजारची खाट. बिहारचा होता." मी फोन वर घेतला. "त्याला फोटोची लई हौस. सारखा म्हणायचा, माझा काढ, माझा काढ. तू त्याचा काढशील काय? तिथं, परदेशात? त्याला लई भारी वाटलं असतं."

मी विचारलं, "रांगोळीत?"

"हाय तीच वर्दी ऱ्हाऊ दे. मुंडकंच बदलायचंय."

त्यानं ते साधेपणानं सांगितलं, कामाची सोय म्हणून. मी खाली बघितलं. खरंच होतं. खांदे, गुंड्या, पट्टा, खिशाची शिवण. गळ्याखाली काहीही बदलावं लागणार नव्हतं.

फोटो आला. पाच-सहा जण ओळीत उभे, दुसरा तो. लोकरी टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, हसताना मान वळवलेली, त्यामुळं अर्धाच चेहरा. मी फळी पुन्हा विटांवर टाकली. खाला उठली आणि दार लावून आली, वारा नको म्हणून. फोन मी फळीच्या टोकाला उभा केला. त्यात माझा भाऊ, आणि खाली माझा भाऊ. पुठ्ठा कपाळाला लावला आणि तसाच धरून ठेवला.

"पूस की," फोनमधून तो म्हणाला. "हितं हाय मी."

पुसला. कपाळ, डोळे, ते सरळ नाक. कान शेवटी. तेवढी जागा करडी राहिली, टोपी आणि वर्दी यांच्यामध्ये.

"याचे केस कसे होते?" मी विचारलं.

"केस?" तो म्हणाला. "टोपीतच असायचा रं सारखा. थंडी असती हितं." त्यानं कपाळ चोळलं. "बघितलं असतील की. रोज बघायचो. एका ताटात खाल्लंय. आठवंना दादा."

"मग टोपीतच काढतो."

"काढ."

मी चिमटीत रंग घेतला. मागून कुणीतरी त्याला फोन मागत होतं, ते ऐकू आलं. तो त्यांना म्हणाला, जरा थांबा. आणि मला म्हणाला, "मी कट करत नाही. तू काढ."